मामाचा झाकलेला चेहरा

कुठे भाषणाला बोलावलं की सूत्रसंचालक माझी ओळख ‘गुन्हेगारांचा कर्दनकाळ’ अशी करून देतो. मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो, पण खरं म्हणजे मला हसू आवरत नसतं. ज्या वर्षांत मी हे नाव कमावलं त्या वर्षांत माझा अर्धा वेळ लग्नाच्या मांडवात जायचा, आणि माझी सगळ्यात मोठी बातमीही मला लग्नामुळेच मिळाली.

आमचं घर भिवंडीजवळच्या शेलार गावात. मी पंचक्रोशीतल्या लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचो. या धंद्यात एकच नियम होता. नवरा-नवरी जरा कमी दिसली तरी चालेल, पण पंगतीतला एकही चेहरा सुटता कामा नये. कॅसेट घरी आली की सगळी भावकी टीव्हीसमोर बसायची आणि जो तो स्वतःला शोधायचा. एखादी मावशी राहून गेली तर ती पुढची पाच लग्नं माझ्याकडे बघून नाक मुरडायची. त्यामुळे कॅमेरा हळूहळू फिरवायचा, प्रत्येकावर दोन क्षण थांबायचं आणि मगच पुढे सरकायचं, हे माझ्या हाताला इतकं बसलं होतं की झोपेतही चुकलं नसतं.

बातम्यांच्या धंद्यात मी अपघाताने आलो. एका वरातीचं शूटिंग करत असताना समोरच्या गल्लीत यंत्रमागाच्या कारखान्याला आग लागली आणि मी कॅमेरा नवरदेवावरून तिकडे वळवला. स्थानिक केबलवाल्याने ती आग दाखवली, तिथून ती मुंबईच्या एका मराठी वाहिनीकडे गेली, आणि तिथल्या साहेबांनी मला फोन करून विचारलं, आमच्यासाठी काम करणार का? मी तिथल्या तिथे हो म्हणालो. नवरदेवाचे वडील मात्र अजून माझ्याशी बोलत नाहीत.

ते दिवसच तसे होते. मराठी बातम्यांच्या वाहिन्या नुकत्या सुरू झाल्या होत्या आणि प्रत्येकीला छुप्या कॅमेऱ्याचं वेड लागलं होतं. साहेब गुन्हेगारीवरचा एक साप्ताहिक कार्यक्रम सांभाळायचे. त्यांनी मला एक काळी बॅग दिली. तिच्या बाजूला बारीक भोक होतं आणि आत कॅमेरा. बॅग उत्तम होती, कोणाला काही कळलं नसतं. अडचण होती ती बॅग धरणाऱ्याची. भिवंडी तालुक्यात मी कुठेही गेलो तरी तिथे कोणीतरी आजोळचं, नाहीतर सोयरिकीतलं निघायचंच. एकदा खाडीकाठच्या दारूच्या भट्टीवर मी परका गिऱ्हाईक म्हणून गेलो. डोक्यावर टोपी होती, डोळ्यांवर काळा चष्मा होता, तोंडात हिंदी होतं. भट्टीवाल्याची आई आतून आली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “तू शेलारचा ना रं? तुझी आजी नि मी एकाच गावच्या. चष्मा काढ, बस, निवट्यांचा कालवन केलाय.” ती बातमी त्या माशांच्या कालवणात बुडाली ती बुडालीच. कालवण मात्र झकास होतं.

साहेबांना हे सांगितलं की ते चिडायचे. “अरे, तुझ्या तालुक्यात गुन्हेगार आहेत की नुसते पाहुणे?” म्हणायचे. मी म्हणायचो, साहेब, दोन्ही एकच आहेत, तीच तर पंचाईत आहे.

मग तो डबा आला. माझ्या वहिनीचं बाळ तेव्हा लहान होतं, आणि ती त्याच्यासाठी भिवंडीतल्या बाजारातून दुधाच्या पावडरचा डबा आणायची. एक दिवस ओल्या हाताने तिने डबा उचलला, तर बुडावर छापलेली तारीख तिच्या बोटाला लागून आली. काळी शाई. खाली दुसरी, जुनी तारीख अर्धवट पुसलेली दिसत होती. मी जेवत होतो, वहिनीने तो डबा माझ्यासमोर ताटाशेजारी आणून ठेवला. बाळाचं पोट तीन-चार दिवस बिघडलेलं होतं हे मला तेव्हा आठवलं आणि मी ताट बाजूला सारलं. मी रागीट माणूस नाही. त्या दिवशी मात्र माझं डोकं सणकलं.

दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, माल टेम्पोने येतो, स्वस्त पडतो, बाकी मला ठाऊक नाही. टेम्पो कोणत्या दिवशी येतो ते त्याने सांगितलं. त्या दिवशी मी मोटरसायकल काढली आणि माल उतरवून परत निघालेल्या टेम्पोच्या मागे लागलो. तो बाजारातून बाहेर पडला, अंजूरच्या वाटेला लागला, गोदामांच्या रांगांमधून वळणं घेत गेला आणि एका निळ्या शटरसमोर उभा राहिला. मी लांबूनच मोटरसायकल बंद केली. त्या शटरवर कोणाचं नाव लिहिलंय ते मला वाचायची गरज नव्हती, कारण ते मीच रंगवलं होतं. गाळा माझ्या मामाचा होता.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. आधी भातशेती आणि खाडीवरची मासेमारी. मग रस्ता आला, रस्त्यामागून गोदामं आली आणि शेताच्या जागी मामाचे गाळे उभे राहिले. पण गावात त्याचा मान गाळ्यांमुळे नव्हता. दोन भावांत बांधावरून भांडण झालं की लोक मामाला बोलवायचे. तो ओट्यावर बसायचा, दोघांच्या डोळ्यांत बघून बोलायचा, आणि निकाल लागायचा. कागद नाही, सही नाही. मामा समोर बसून बोलला म्हणजे झालं, असं गाव मानायचं.

गाळ्यांच्या बाबतीत मात्र आमच्याकडे एक रीत पडली होती. गाळा भाड्याने दिला की मालकाने आत पाऊल टाकायचं नाही. भाडेकरू शेठ काय आणतो, काय नेतो, ते आपण बघायचं नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावल्यासारखं ते वाईट दिसतं, असं सगळे म्हणायचे. मामाही त्यातलाच. त्यामुळे त्याला काही माहीत नसणार याची मला शंभर टक्के खात्री होती. पण त्याला सांगायची सोय नव्हती. मामाच्या पोटात काही राहत नाही. त्याने त्याच पावली जाऊन शेठची गचांडी धरली असती, आणि संध्याकाळपर्यंत आतला माल गुजरातच्या वाटेला लागला असता.

आत कसं शिरायचं? काळी बॅग कामाची नव्हती, शेठने मला मामाच्या घरी कितीतरी वेळा पाहिलं होतं. दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी मामाच्याच घरी उत्तर मिळालं. माझ्या मामेबहिणीचं लग्न ठरलं होतं आणि मामा पत्रिका वाटायला निघायच्या तयारीत होता. गावकी, भावकी, सोयरे, आणि सगळ्या गाळ्यांचे भाडेकरू. मी म्हणालो, “मामा, पत्रिका वाटतानाचं पण शूटिंग करू या की. कॅसेटच्या सुरुवातीला छान दिसेल.”

मामा लहान मुलासारखा खूष झाला. “बेस बोललास! असा तर अजून कोनी केला न्हाय.” त्याने लगेच इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, गळ्यातली चेन बाहेर काढली, आणि आम्ही निघालो.

आयुष्यात इतकं उघडं शूटिंग मी दुसऱ्या कुठल्या गुन्ह्याचं केलं नाही. खांद्यावर मोठा कॅमेरा, त्यावर डोळे दिपवणारा लाइट, पुढे मामा, हातात पत्रिका आणि पेढ्यांचा पुडा. शेठने स्वतः शटर वर केलं. “आओ आओ, काकाजी!” मामाने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, पेढा भरवला, आणि दोघांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकून कॅमेऱ्याकडे बघून फोटोला देतात तशी पोझ दिली. मी त्यांना तसंच उभं राहायला सांगितलं आणि माझा हात सवयीने सुटला. हळूहळू कॅमेरा फिरला. खोक्यांच्या थप्प्या. जमिनीवर मांडलेले डबे. चिंधीला थिनर लावून तारखा पुसणारी चार माणसं. शेजारी नवा शिक्का मारणारे दोघं. प्रत्येकावर दोन क्षण. त्यातल्या एकाने तर शिक्का मारता मारता कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. “सबका आएगा ना?” त्याने विचारलं. मी म्हणालो, सबका आएगा, भाई.

आम्ही बाहेर आलो. मामा पुढच्या गाळ्याकडे चालू लागला होता आणि मला ओरडून सांगत होता, की पेढ्याचा भाग नीट घेतलास का बघ.

पुढचं भराभर झालं. साहेबांनी कॅसेट बघितली, टेबलावर हात आपटला आणि अन्न खात्याला कळवलं. अधिकारी पोलीस घेऊन आले, गाळ्यावर छापा पडला, शेठ आणि त्याची माणसं पकडली गेली, निळं शटर सील झालं. मामाला मी त्याच दुपारी सगळं खरं सांगितलं. त्याने आधी शेठला एक सणसणीत शिवी हासडली आणि मग तो पोट धरून हसत सुटला. “म्हंजे तू मनाच मामा बनवलास!” म्हणाला. तो त्याच पावली पोलीस स्टेशनला जाऊन जबाबही देऊन आला. मला वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो, कारण अजून आई राहिली होती. ते शूटिंग टीव्हीवर दाखवणार म्हटल्यावर तिने मला समोर बसवलं. “त्या चोराच्या गल्यात माझ्या भावाचा हात हाय ना? आनि तुमी ते सगल्या महाराष्ट्राला दाखवनार?” तिला मी समजावलं की कार्यक्रमातच सांगणार आहोत, मामाचा यात काही दोष नाही. “ते ऐकाला कोन बसलाय? लोक बघतान. पोरीचे सासरचे बघतान. तू माझ्या भावाचा तोंड दाखवाचा न्हाय. त्याला सांगाचा पन न्हाय, तो उगीच न्हाय बोलंल.” आईपुढे साहेबांचंही काही चाललं नसतं, तिथे माझं काय चालणार? आणि खरं सांगायचं तर मलाही तिचं पटलं होतं. टीव्हीवर निर्दोष माणसाची अब्रू जपायची म्हणजे त्याचा चेहरा झाकायचा, हे मी तेवढ्या वर्षांत शिकलो होतो.

माझं एडिटिंग भिवंडीतल्या निजामपुऱ्यात व्हायचं, लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग करणाऱ्या एका दोस्ताकडे. त्याचं दुकान यंत्रमागांच्या मधोमध होतं. वीज असली की चारी बाजूंनी लूमचा असा खडखडाट की आवाज रेकॉर्ड करणं अशक्य. वीज गेली की मस्त शांतता, पण मग त्याचा कॉम्प्युटर बंद. म्हणून आम्ही लोडशेडिंगमध्ये बॅटरीवरच्या कॅमेऱ्यात माझा आवाज भरायचो आणि वीज आली की तो चित्रावर चढवायचो. मामाचा चेहरा झाकायचा आहे म्हटल्यावर तो म्हणाला, “हो जाएगा,” आणि दहा मिनिटांत त्याने मला स्क्रीन दाखवली. मामाच्या चेहऱ्यावर धूसर बदाम होता. लग्नाच्या मिक्सिंगमध्ये त्याच्याकडे तोच आकार तयार होता, नवरा-नवरीसाठी. मी कपाळाला हात लावला. त्याने हसत हसत गोल आकार काढला, पण तो गोळा मामाच्या मागे मागे अर्धा पाऊल उशिराने धावायचा, त्यामुळे मधूनच मामाचा कान बाहेर दिसायचा. “कान से कौन पहचानेगा?” दोस्त म्हणाला. साहेबांनीही फारसं विचारलं नाही. जागेचा मालक आहे, निर्दोष आहे, असं मी सांगितलं, आणि कार्यक्रम त्यांनी तसाच जाऊ दिला.

इकडे मामाने काय केलं असेल? त्याने अख्खं गाव बोलावलं. भाच्याचा कार्यक्रम आहे, आणि त्यात मी पण आहे! संध्याकाळी त्या वेळेला नेमकी वीज जायची, म्हणून मांडववाल्याचा जनरेटर आणून ठेवला. अंगणात टीव्ही मांडला, सतरंज्या घातल्या, मामीने चहाचं मोठं पातेलं चढवलं. आईला आणि मला पुढे बसवलं. आई माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना. व्याह्यांच्या घरीही मामाने फोन करून ठेवला होता, की टीव्ही लावा.

कार्यक्रम सुरू झाला. छापा, डबे, शिक्के, शेठ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग पडद्यावर आला पांढऱ्या सदऱ्यातला, गळ्यात जाड चेन घातलेला एक माणूस, ज्याच्या खांद्यावर डोकं नव्हतं, नुसता धुक्याचा गोळा होता. हातात पत्रिका. शेजारी शेठ, हसरा, स्पष्ट. गोळ्यातून एक कान डोकावला.

अंगणातल्या टाळ्या थांबल्या. मग मागून एक म्हातारी मोठ्याने बोलली, “अगो, यो तं आपलाच न्हाय का?”

माझा आवाज टीव्हीतून सांगत होता की जागेच्या मालकाचा यात काही संबंध नाही. आई म्हणाली होती तेच खरं ठरलं, ते कोणी ऐकत नव्हतं. आमच्याकडे टीव्हीवर चेहरा कोणाचा झाकतात हे पोराबाळांना ठाऊक होतं. पकडलेल्या पाकीटमाराचा, खंडणीखोराचा, धाडीत सापडलेल्यांचा. लोक चहा न पिताच एकेक करून उठले. पातेलंभर चहा तसाच राहिला. मामा टीव्हीकडे बघत बसला, कार्यक्रम संपून जाहिराती लागल्या तरी. मला लाज वाटली, भीती वाटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या आवाजाचा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आमच्या दारात हजर. चहा नको, पाणी नको. व्याह्यांचा फोन येऊन गेला होता. तारीख जरा पुढे ढकलू या, घरात चर्चा चाललीय, असं ते म्हणाले होते. आमच्यात पुढे ढकललेलं लग्न म्हणजे मोडलेलंच, हे आईला सांगायची गरज नव्हती. ती मटकन खाली बसली.

“माझा तोंड कुठं गेला?” मामाने मला विचारलं.

“मामा, आम्ही तुझ्या भल्यासाठी...”

“मीच सांगितला त्याला,” आई मध्ये पडली. “त्याला बोलू नको. तुझी अब्रू जाईल म्हनून...”

“अब्रू?” मामाचा आवाज चढला. मी त्याला इतका तापलेला कधी पाहिला नव्हता. “अगो, जलमभर या तोंडाकडं बघून लोकांनी भांडना मिटवली. मी कुठं सही केली? कुठं कागद लिवला? ह्या तोंडावर झाला सगला. आनि तुमी तेच पुसलाव! चोराचा तोंड दिसतंय नि माझा न्हाय!” मग त्याचा आवाज एकदम खाली आला. “पोरगी रातभर जेवली न्हाय.”

आई रडायला लागली. मामा तिच्याशेजारी जमिनीवरच बसला, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “रडून काय होनार? कॅमेरा काढ. चल.”

साहेबांना मी वाटेतून फोन केला. ते म्हणाले, आण काय येईल ते, मी बघतो. सील केलेल्या निळ्या शटरसमोर मामा उभा राहिला. मी माइक त्याच्या हातात दिला तर तो त्याने परत माझ्या हातात दिला, म्हणाला, मना कशाला, माझा आवाज पोचतो. आणि तो सरळ कॅमेऱ्यात बघून बोलला, ओट्यावर दोन भावांशी बोलायचा तसा.

“काल ज्याचा तोंड झाकला तो मी. यो गाला माझा. शेठला मी दिला, आनि आत काय चाललाय ते बघितला न्हाय. बघाचा नसतो, असा आमी सगले मानतो. त्याच्या पायी बारक्या पोरांच्या पोटात काय काय गेला. चूक माझी हाय. आता बाकीचे गाले मी उघडतो, तुमच्यासमोर. आनि बाकीच्या मालकांना सांगतो, शटर वर करा नि आत बघा. भाडेकरू रागावला तर रागावू दे.”

पाठ केलेलं एक वाक्य त्यात नव्हतं. त्याने एकेक गाळा खरंच उघडायला लावला. एका गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या, एकात कापडाचे तागे, एकात नुसत्या खुर्च्या. प्रत्येक भाडेकरू गोंधळलेला, आणि मामा कपाळाला आठी घालून खोक्यांचे कोपरे तपासतोय. शेवटच्या गाळ्यात एक शेठ झोपला होता, तो दचकून उठला आणि मामाच्या पाया पडला. मी हसू दाबायला ओठ चावला, पण कॅमेरा हललाच.

संध्याकाळी ते बातम्यांत दाखवलं गेलं. या वेळी मामाने कोणाला बोलावलं नव्हतं. अंगणात सतरंजी नव्हती, जनरेटर परत गेला होता. वीज होती हे नशीब. मामा, मामी, मामेबहीण, आई आणि मी, एवढेच. मामा पडद्यावर आला. त्याचा चेहरा, डोळ्यांखालच्या सुरकुत्या, सकाळी घाईत अर्धवट राहिलेली दाढी, सगळं स्वच्छ दिसत होतं. व्याह्यांचा फोन मात्र आला नाही. रात्रभर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही स्वतःच आले, एकटेच. ते आमच्याच खाडीपट्ट्यातले, पलीकडच्या गावचे. ओटीवर बसले. मामीने पाणी दिलं, त्यांनी तांब्या हातात नुसता धरून ठेवला. मामेबहीण आत दाराआड उभी होती आणि मी तिचा दाराच्या चौकटीवरचा हात बघत होतो, बोटं पांढरी पडली होती. मला वाटलं, आता हे लग्न मोडल्याचं सांगणार. मामालाही तेच वाटलं असावं. तो ताठ बसला होता.

“काल तुमचा बघितला,” व्याही म्हणाले. “आज सकाली मी माझा गाला उघडला.”

मामा पुढे सरकला.

“माझ्या गाल्यात पन निघाला. औषधाच्या बाटल्या. तारखा खोडलेल्या. पोरांचाच खोकल्याचा औषध हाय.” त्यांनी तांब्या खाली ठेवला. “तुमच्यावर मी संशय धरला. तारीख पुढं ढकला बोललो. आनि माझ्याच गाल्यात... मना पोलिसात जाचा हाय. एकट्यानं पाय उचलत न्हाय. तुमी येता?”

मामा उठला. आतून सदरा घालून आला. म्हणाला, “चला.” बस एवढंच.

पोलीस स्टेशनच्या बाहेर व्याही थांबले आणि माझ्याकडे वळले. मी कॅमेरा खाली धरला होता. झाकलेल्या चेहऱ्याने जे झालं त्यानंतर कोणी सांगितल्याशिवाय तो वर उचलायचा धीर मला होत नव्हता. तेच म्हणाले, “घे. माझा पन घे.” मी विचारलं, चेहरा? ते म्हणाले, “दिसला पायजे.”

त्यांनी आधी स्वतःचं गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, गाळा कुठे आहे ते सांगितलं, आत काय मिळालं ते सांगितलं. सगळं सांगून झालं असं मला वाटलं आणि मी कॅमेरा बंद करणार तेवढ्यात त्यांनी शेजारी उभ्या मामाच्या खांद्यावर हात ठेवला.

“आनि अजून एक. यांची पोरगी माझ्या घरची सून हाय. लगीन ठरल्या दिवशीच हाय, तारीख बदललेली न्हाय. मांडव यांच्या दारी हाय. तुमी सगल्यांनी यावा.”

साहेबांनी त्यातला एक शब्दही कापला नाही. मामा मात्र तेव्हाच पोलीस स्टेशनच्या पायरीवर बसला, दोन्ही हातांनी सदऱ्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि हुंदके देऊन रडला. व्याही त्याच्याशेजारी बसले. आत फौजदार वाट बघत होता, पण त्या दोघांना उठवायला मी गेलो नाही.